'पुढील आदेशापर्यंत' : सरकारी आरोग्य विमा आणि डॉक्टरांच्या मोबदल्याचा इतिहास

(१) २१ मे २०२० आणि २३ मे २०२०. दोन दिवसांच्या अंतराने महाराष्ट्र शासनाने दोन आदेश काढले. पहिल्या आदेशाने खासगी रुग्णालयांनी रुग्णाकडून जास्तीत जास्त किती पैसे घ्यावेत, हे ठरवून दिले. दुसऱ्या आदेशाने सरकारी आरोग्य योजनेतून रुग्णालयांना कोणत्या रुग्णांचे आणि कशाकशाचे पैसे मिळतील, याची व्याप्ती वाढवली. दोन्ही आदेशांना मुदत होती, आणि ती पुढे अनेकदा वाढवली गेली. आजाऱ्यावर उपचार करणाऱ्याला सरकारने किती मोबदला द्यावा, हा प्रश्न जगभर वारंवार असाच 'तात्पुरता' का सुटतो, याचा मागोवा या धाग्यात घेऊ. त्यासाठी उभे राहायचे ठिकाण आहे वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार.

(२) शेलूबाजार हे मंगरूळपीर तालुक्यातील गाव. ब्रिटिश वऱ्हाडात वाशीमचा स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रजी दप्तरात त्याचे नाव 'बासीम'. १९०५मध्ये तो जिल्हा मोडला आणि मंगरूळचा मुलूख अकोल्याला जोडला गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. मधल्या ९३ वर्षांत या भागासाठी जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे अकोला. कचेरीचे काम असो वा मोठे आजारपण, माणूस अकोल्याची वाट धरत असे. पुढे येणाऱ्या प्रत्येक आकड्याचा अर्थ या वाटेच्या संदर्भात लावावा लागतो, म्हणून ही नोंद आधी केली.

(३) एक संज्ञा आधी स्पष्ट करू. सरकारी आरोग्य योजनेत रुग्णालयाला प्रत्येक वस्तूचे वेगळे बिल लावता येत नाही. एका उपचाराची एक ठरलेली रक्कम मिळते. तिला 'पॅकेज' म्हणतात. खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रिया करणाऱ्याचे शुल्क, भूल, औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण, परतीचा एक वेळचा प्रवासखर्च, हे सारे तिच्यातच. रुग्णाने काही द्यायचे नाही. पैसे कागदोपत्री रुग्णालयाला मिळतात, डॉक्टरला नव्हे. पण तालुक्याच्या गावी दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय ज्याचे, तोच बहुधा तिथला डॉक्टर असतो. तिथे पॅकेजचा दर हाच डॉक्टरचा मोबदला ठरतो.

(४) डॉक्टर आणि विमा यांच्यातील दराची भांडणे भारतात सुरू झालेली नाहीत. १८८३मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा आणला. ब्रिटनमध्ये १९११चा राष्ट्रीय विमा कायदा आला आणि अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी प्रत्येक विमाधारकामागे डॉक्टरला वर्षाला ठरावीक रक्कम देण्याची पद्धत मांडली. आरंभीचा देकार औषधांसह सहा शिलिंगांचा होता. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने औषधे वगळून साडेआठ शिलिंग मागितले आणि बहिष्काराची घोषणा केली.

(५) १९१२च्या ऑक्टोबरात लॉइड जॉर्ज यांनी रक्कम औषधांसह सुमारे नऊ शिलिंगांपर्यंत नेली. संघटनेने डिसेंबरात तरीही विरोधात मतदान केले. पण जानेवारी १९१३ उजाडेपर्यंत हजारो डॉक्टरांनी योजनेत नावे नोंदवली होती. औद्योगिक वस्तीतल्या सामान्य डॉक्टरला गरीब रुग्णाकडून जे मिळत होते, त्यापेक्षा ही रक्कम बरी आणि खात्रीची होती. लंडनमधील नामांकितांना तो अपमान वाटला; खाणकामगारांच्या गावातल्या डॉक्टरला तो आधार वाटला. एकच दर दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ घेतो, हा या इतिहासाचा पहिला धडा.

(६) भारतात हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आला. १९४३मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. १९४४मध्ये त्यांचा अहवाल आला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी दिल्लीतही ती सुरू झाली. १९५४मध्ये ती नागपूर आणि मुंबईच्या कामगारांपर्यंत पोहोचली.

(७) मुंबईच्या गिरणगावात 'पॅनेल डॉक्टर' हा शब्द रुळला तो या योजनेमुळे. खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर विमाधारकांची यादी स्वीकारी आणि माणशी ठरावीक वार्षिक रक्कम घेई. म्हणजे लॉइड जॉर्ज यांचीच पद्धत. वऱ्हाडात मात्र या कायद्याने एक मोठी जागा रिकामी सोडली. त्यातून 'हंगामी कारखाने' वगळले होते, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग नावानिशी होते. वऱ्हाडातली कारखानदारी म्हणजे मुख्यत्वे तेच. देशातला पहिला मोठा आरोग्य विमा कापसाच्या मुलखात आला, तेव्हा कापूस पिंजणारा हंगामी मजूर आणि तो पिकवणारा शेतकरी, दोघेही त्याच्या बाहेर राहिले.

(८) शेतकरी आणि शेतमजुराला विम्याचे छत्र मिळायला आणखी अर्धे शतक गेले. महाराष्ट्राने १९९७मध्ये 'जीवनदायी योजना' सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांच्या मोठ्या आजारांसाठी अर्थसाहाय्य, असे तिचे स्वरूप होते. मोजके आजार, मोजकी रुग्णालये आणि मंजुरीची लांब वाट. १ एप्रिल २००७ रोजी शेजारच्या आंध्र प्रदेशाने तीन जिल्ह्यांत 'राजीव आरोग्यश्री' आणली. रुग्णाच्या खिशाला हात न लावता खासगी रुग्णालयाला पॅकेजने पैसे द्यायचे, ही कल्पना तिथे मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आणि इतर राज्यांनी ती उचलली.

(९) महाराष्ट्रातील 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. ९७२ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण आणि विमा कंपनीला कुटुंबामागे सुमारे ३३३ रुपयांचा हप्ता. या यादीत अमरावती आहे, वाशीम नाही. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर लागू झाली, तेव्हा शेलूबाजारच्या पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेला तो अर्थ मिळाला. मधले जवळपास सतरा महिने अमरावती जिल्ह्यातल्या रुग्णाला जे मोफत होते, त्यासाठी वाशीम जिल्ह्यातल्या रुग्णाला शेत गहाण टाकावे लागू शकत होते.

(१०) २०१७मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिच्या लाभार्थ्यांमध्ये एक गट लक्षणीय आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतील पांढरी शिधापत्रिका असलेले शेतकरी. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. वाशीम त्यात होते. कागदावर 'संपन्न' ठरणारा सात-बाराचा धनी एका शस्त्रक्रियेत कर्जबाजारी होतो, हे वास्तव शासनाने मान्य केल्याचा हा पुरावा. हक्काची कक्षा अशी रुंदावत गेली. दराचे काय झाले, हा पुढचा प्रश्न.

(११) पॅकेजच्या गणिताचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शस्त्रक्रियेचे पॅकेज २०,००० रुपये आहे आणि पहिल्या वर्षी तिचा खर्च १६,००० येतो. रुग्णालयाला ४,००० उरतात. खर्च दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला आणि पॅकेज तेवढेच राहिले, तर आठव्या वर्षाअखेरीस खर्च सुमारे २५,५०० होतो. आता प्रत्येक रुग्णामागे साडेपाच हजारांचा तोटा. दर कमी केल्याचा आदेश कोणी काढलेला नसतो. पण महागाईने तो कमी झालेला असतो. खासगी रुग्णालयांच्या संघटनांची महाराष्ट्रातील जुनी तक्रार नेमकी हीच आहे की दर २०१२च्या आसपास थांबले आणि खर्च पुढे गेला.

(१२) अशा वेळी रुग्णालय काय करू शकते? योजनेतून बाहेर पडणे हा एक मार्ग. तोट्यातल्या उपचारांना 'खाट शिल्लक नाही' म्हणणे हा दुसरा. परवडणारे उपचारच अधिक करणे हा तिसरा. रुग्णाकडून बाहेरून पैसे घेणे हा चौथा, आणि तो सरळसरळ नियमभंग. मोठ्या शहरातले रुग्णालय एका विभागातला तोटा दुसऱ्या विभागातून भरून काढते. तालुक्याच्या ठिकाणच्या एकट्या डॉक्टरला ती सोय नसते, म्हणून तो पहिला बाहेर पडतो. तो बाहेर पडला की रुग्णाचे कार्ड तसेच राहते, फक्त ते चालण्याचे ठिकाण दूर जाते. कार्ड हक्क देते आणि दर त्या हक्काचे अंतर ठरवतो.

(१३) उलट बाजूही नोंदवायला हवी. दर वाढवणे म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून खासगी हातात अधिक पैसे देणे. शासनाची शंका निराधार नाही : वाढवलेला दर रुग्णसेवेत उतरेल की केवळ नफ्यात? गरज नसलेल्या शस्त्रक्रियांना तो प्रोत्साहन देईल का? तेच पैसे ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नेमण्यासाठी का वापरू नयेत? पूर्वमंजुरी, कागदपत्रांची छाननी, दाव्यांची तपासणी ही सारी यंत्रणा या शंकेतून उभी आहे. आणि हीच यंत्रणा पैसे उशिरा मिळण्याचे कारण ठरते, असे रुग्णालये म्हणतात. दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते.

(१४) आता २०२० कडे. १ एप्रिल २०२० पासून महात्मा फुले योजना केंद्राच्या 'आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजने'शी जोडून नव्या रूपात राबवली जाऊ लागली. त्याआधी आठवडाभरच, २५ मार्चपासून, देशात टाळेबंदी सुरू झाली होती. सरकारी रुग्णालयांच्या खाटा कोविडसाठी गेल्या. अनेक उपचार योजनेत केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले होते. ती रुग्णालयेच भरली, तर इतर आजारांच्या रुग्णांनी जायचे कुठे? १ मे रोजी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यातील सर्व नागरिकांना योजनेत घेण्याची घोषणा केली.

(१५) २३ मेच्या शासन निर्णयाने तिला रूप दिले. शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, राज्यातील रहिवासी लाभार्थी झाला. सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असलेले बहुतेक उपचार योजनेतील खासगी रुग्णालयांना खुले झाले. आणि पॅकेजमध्ये न बसणारा पीपीई किट आणि एन-९५ मास्क यांचा वाढीव खर्च योजनेतून देण्याचे ठरले. ही तिसरी बाब आकाराने लहान, पण या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ठरलेल्या पॅकेजमध्ये बदललेल्या परिस्थितीचा खर्च सामावत नाही, याची ही शासकीय कबुली होती. मुदत होती ३१ जुलै २०२०पर्यंत. ती संपली, आणि पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

(१६) दोनच दिवस आधीच्या, २१ मेच्या अधिसूचनेची दिशा वेगळी होती. खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांवर शासनाचे दर लागू झाले : साध्या कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरविना ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. आधार होता १८९७चा साथरोग कायदा, २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि अन्य काही कायदे. प्लेगच्या साथीत जन्मलेला कायदा सव्वाशे वर्षांनी दरपत्रकासाठी वापरला गेला. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने या दरांना विरोध केला. रुग्णांच्या बाजूने मात्र त्या आठवड्यांत लाखोंची बिले येत होती, आणि मर्यादा नसती तर त्यांना कोणताच आधार उरला नसता.

(१७) प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निर्णय दिला की कोविड नसलेल्या रुग्णांचे खासगी रुग्णालयातील दर ठरवण्याचा अधिकार या कायद्यांतून शासनाला मिळत नाही. वाशीम जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. निर्णयाचा मथितार्थ असा : साथीच्या काळातील असाधारण अधिकार साथीपुरते. नेहमीच्या आजारपणाचा दर ठरवायचा असेल, तर त्यासाठी नेहमीचा, विचारपूर्वक केलेला कायदा हवा. तो महाराष्ट्राकडे नव्हता.

(१८) जून २०२१च्या आरंभी कोविडच्या दरांमध्ये दुरुस्ती झाली आणि राज्य तीन वर्गांत विभागले गेले. 'अ' वर्गात मुंबई, पुणे, नागपूर यांसारखी शहरे. तिथे जुनेच दर. 'ब' वर्गात अमरावती, नाशिक, नांदेड आदी. उरलेला सारा महाराष्ट्र 'क' वर्गात, म्हणजे वाशीम जिल्हाही. 'क' वर्गाचे दर होते २,४००, ४,५०० आणि ५,४०० रुपये. नागपूरच्या तुलनेत तिन्ही दर बरोबर ४० टक्क्यांनी कमी. युक्तिवाद सरळ होता. लहान गावात जागा, मजुरी, राहणीमान सारे स्वस्त, म्हणून दरही कमी. ग्रामीण रुग्णाच्या खिशासाठी तो दिलासाच होता.

(१९) पण याच जिल्ह्याकडे केंद्राची योजना नेमकी उलट नजरेने पाहत होती. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातील चार जिल्हे आहेत : नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि वाशीम. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या दररचनेत आकांक्षित जिल्ह्यातील रुग्णालयाला पॅकेजवर १० टक्के अधिक देण्याची तरतूद आहे. तिचा युक्तिवाद असा की मागास भागात तज्ज्ञ डॉक्टर येत नाहीत, भूलतज्ज्ञ बाहेरगावाहून बोलवावा लागतो, यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा जवळ नसतो. म्हणून तिथे मोबदला जास्त हवा.

(२०) एकच जिल्हा. एका आदेशाच्या लेखी तो स्वस्त म्हणून दर कमी, दुसऱ्या तरतुदीच्या लेखी तो दुर्मीळ सोयींचा म्हणून दर अधिक. दोन्ही दरांची जात वेगळी आहे, हे खरे. पहिला रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या पैशाची कमाल मर्यादा, दुसरा सरकारी तिजोरीतून येणारा मोबदला. तरीही 'शेलूबाजारसारख्या गावाजवळ उपचार करायला खरोखर किती खर्च येतो?' हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे. त्याचे मोजून, जाहीरपणे दिलेले उत्तर असते, तर दोन सरकारी कागद दोन दिशांना गेले नसते.

(२१) हा गोंधळ केवळ आपला आहे असे नाही. अमेरिकेत वृद्धांसाठी 'मेडिकेअर' हा सरकारी विमा आहे. १९९७च्या एका कायद्याने डॉक्टरांच्या मोबदल्याला एक सूत्र लावले. काही वर्षांत ते सूत्र दर मोठ्या प्रमाणात कापायला सांगू लागले. ते लागू करण्याचे धाडस कोणाला नव्हते आणि रद्द करण्याचा खर्च कोणाला परवडत नव्हता. म्हणून २००३ ते २०१४ या काळात अमेरिकी काँग्रेसने १७ वेळा तात्पुरते कायदे करून कपात पुढे ढकलली. २०१५मध्ये सूत्र कायमचे रद्द झाले. पण नव्या व्यवस्थेत महागाईशी जोडलेली वाढ नव्हती.

(२२) परिणामी तात्पुरत्या कायद्यांची मालिका पुन्हा सुरू झाली. डिसेंबर २०२०मध्ये, कोविडच्या पार्श्वभूमीवर, २०२१ या वर्षापुरती ३.७५ टक्क्यांची वाढ. पुढच्या वर्षी ती ३ टक्के, त्यापुढे २.५ टक्के. २०२४अखेर आधार संपला आणि २०२५मध्ये दर २.८३ टक्क्यांनी घटले. मग २०२५च्या जुलैमधील कायद्याने २०२६ या एका वर्षासाठी पुन्हा २.५ टक्के वाढ. डॉक्टरला दरवर्षी डिसेंबरात पुढच्या जानेवारीचा दर माहीत नसतो. अशा अनिश्चिततेत नवा दवाखाना कोण उघडेल, आणि तोही आडगावात?

(२३) तात्पुरती वाढ निरुपयोगी असते काय? तेही नाही. अमेरिकेत गरिबांसाठी 'मेडिकेड' आहे. २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षे त्यातील प्राथमिक उपचारांचा मोबदला मेडिकेअरच्या पातळीवर नेण्यात आला. दहा राज्यांतील एका पाहणीत संशोधकांनी मेडिकेडचे रुग्ण असल्याचे सांगून दवाखान्यांत वेळ मागितली. वाढीपूर्वी ५८.७ टक्के वेळा भेट मिळाली, वाढीनंतर ६६.४ टक्के. मोबदला वाढला तसे दरवाजे उघडले. मुदत संपल्यावर काही राज्यांनी ही वाढ स्वतःच्या पैशाने चालू ठेवली, बहुतेकांनी नाही.

(२४) अमेरिका आणि महाराष्ट्र यांत एक मूलभूत फरक आहे. तिथे प्रत्येक वाढ कायद्याने होते. विधेयक मांडले जाते, खर्चाचा अंदाज जाहीर होतो, कोणी बाजूने मत दिले आणि कोणी विरोधात, याची नोंद राहते. महाराष्ट्रात योजना, तिची व्याप्ती आणि तिचे दर शासन निर्णयाने ठरतात. शासन निर्णय लवकर निघतो. २०२०च्या मे महिन्यात ही गती जीव वाचवणारी होती. पण तो तितक्याच शांतपणे संपतो, बदलतो किंवा तसाच पडून राहतो. विधिमंडळात त्यावर मतदान होत नाही.

(२५) केवळ कायदा केला म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नव्हे. राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्य हक्काचा कायदा संमत केला. तातडीच्या रुग्णाला पैसे न मागता उपचार द्यायचे आणि त्याने पैसे न भरल्यास भरपाई सरकारने करायची, अशी तरतूद त्यात होती. कोणत्या दराने आणि किती दिवसांत, हे स्पष्ट नव्हते. खासगी डॉक्टर संपावर गेले. तडजोड एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. हक्क लिहिताना दर लिहायचा राहिला, की हक्क रुग्णालयाच्या दारात अडतो. १९१२च्या लंडनमध्ये आणि २०२३च्या जयपूरमध्ये वादाचा मुद्दा एकच होता.

(२६) महाराष्ट्रात कोविडकाळातील 'तात्पुरती' व्याप्ती पुढे कायम झाली. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांचे संरक्षण, १,३५६ उपचार आणि सुमारे १,९०० रुग्णालयांपर्यंत विस्तार मान्य केला. १ जुलै २०२४ पासून अंमल सुरू झाला. २०२५मध्ये उपचारांची यादी २,३९९ पर्यंत नेण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे, दर दहा वर्षांहून अधिक काळानंतर सर्वंकष बदलले. केंद्रीय कर्मचाऱ्यांसारख्या संघटित वर्गाच्या योजनेत दरांना इतका काळ वाट पाहावी लागते, तर शेतमजुराच्या योजनेबद्दल काय सांगावे!

(२७) शेलूबाजारचे अंतर दरम्यान दुसऱ्या मार्गांनीही बदलले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. या रस्त्यावर शेलूबाजारला चढण्या-उतरण्याची जागा आहे आणि नागपूर तिथून सुमारे २१० किलोमीटर. २०२४मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रस्ता आणि महाविद्यालय ही कायमची कामे. त्यांना 'पुढील आदेशापर्यंत' अशी मुदत नसते. मात्र महामार्गामुळे नागपूर जवळ आले, याचा एक अर्थ असाही होतो की जवळच्या डॉक्टरला मिळणारा मोबदला परवडेनासा झाला, तर रुग्ण आता अधिक वेगाने दूर जाईल.

(२८) या साऱ्यातून हाती काय लागते? १८८३ पासून आजवर प्रत्येक सरकारी विम्याला तीन गोष्टी ठरवाव्या लागल्या : कोणाला लाभ, कोणत्या आजाराला, आणि उपचार करणाऱ्याला किती. पहिल्या दोन गोष्टी जाहीर करणे राजकीयदृष्ट्या सोपे असते. पाच लाखांचे संरक्षण किंवा २,३९९ उपचार हे फलकावर लिहिता येतात. तिसरी गोष्ट फलकावर येत नाही. म्हणून ती मागे राहते, आणि संकट आले की तात्पुरत्या आदेशाने तिला ठिगळ लावले जाते.

(२९) पर्याय अगदी अवघड नाही. ठरावीक वर्षांनी खर्च मोजणे, तो तालुकानिहाय मोजणे, मोजणी जाहीर करणे आणि तिच्या आधारे दर आपोआप बदलणे. सोबत रुग्णालयांवर तपासणीची आणि रुग्णाकडून जादा पैसे घेतल्यास दंडाची तरतूद. म्हणजे वाढ मागणाऱ्याला हिशेब द्यावा लागेल आणि वाढ नाकारणाऱ्यालाही. १९५०च्या दशकात जिनिंगचा मजूर कायद्याच्या व्याख्येतून सुटला, कारण व्याख्या लिहिणाऱ्यांसमोर तो नव्हता. आज त्याच्या नातवाच्या नावाचे कार्ड आहे. ते शेलूबाजारहून किती किलोमीटरवर चालेल, हे ठरवणारा आकडा अजूनही पॅकेजच्या यादीतल्या एका रकान्यात असतो. पुढच्या वेळी योजनेचा नवा शासन निर्णय आला, तर 'किती लाखांचे संरक्षण' वाचून झाल्यावर तो रकाना जरूर पाहावा.

(धागा समाप्त)